हुजूर पक्ष, तीन पंतप्रधान आणि ४ जुलै २०२४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडात राहते आणि इथल्या राजकारणावर मराठीत लिहिते. २०२२ च्या उन्हाळ्यापासून ब्रिटनच्या तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाबद्दल प्रश्न यायला लागले ते थांबलेच नाहीत. ४ जुलै २०२४ ची निवडणूक होऊन गेली, तो पक्ष हरला, तरी पुण्याहून, मडगावहून, लेस्टरहून तेच प्रश्न येतात. म्हणून सगळे एका जागी आणले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हुजूर पक्ष, टोरी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे तीन वेगळे पक्ष आहेत का?

नाही, एकच. कॉन्झर्व्हेटिव्ह हे अधिकृत नाव, टोरी हे जुनं बोलीतलं नाव आणि हुजूर पक्ष हे मराठी वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव. तसाच लेबर म्हणजे मजूर पक्ष.

२. एकाच संसदेच्या काळात तीन पंतप्रधान झाले आणि मधे निवडणूक नाही. हे कायद्यात बसतं का?

बसतं. ब्रिटनमध्ये लोक खासदार निवडतात, पंतप्रधान निवडत नाहीत. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ज्याच्या मागे बहुमत आहे त्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. १२ डिसेंबर २०१९ ला बोरिस जॉन्सन यांनी ६५० पैकी ३६५ जागा जिंकल्या. ते बहुमत पक्षाचं होतं. त्यामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस आणि ऑक्टोबरमध्ये ऋषी सुनक त्याच बहुमतावर पंतप्रधान झाले. आपल्याकडे पाच वर्षांत दोन-तीन मुख्यमंत्री बदलतात, तोच हिशेब.

कायद्याने चुकीचं काही नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. पंतप्रधान बदलताना कार्यक्रमही बदलत असेल, तर मतदाराला विचारायलाच हवं. २०१९ मध्ये लोकांनी जॉन्सन यांच्या जाहीरनाम्याला मत दिलं होतं. ट्रस यांच्या अर्थनीतीवर एकाही सामान्य मतदाराने शिक्का मारला नव्हता. २०२४ च्या निकालाचं मूळ मला इथे दिसतं.

३. पंतप्रधानाला स्वतःचेच खासदार कसे काढतात? ती ‘१९२२ समिती’ काय भानगड आहे?

ही हुजूर पक्षाच्या साध्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची समिती. १९२२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेल्या काही खासदारांनी १९२३ मध्ये ती सुरू केली आणि नाव तेच राहिलं. नेत्यावर विश्वास उरला नसेल तर खासदाराने समितीच्या अध्यक्षाला पत्र लिहायचं. त्या वेळी सर ग्रॅहम ब्रेडी अध्यक्ष होते. पत्रं गुप्त असतात. किती आली हे अध्यक्षाशिवाय कुणाला कळत नाही आणि ते आकडा सांगत नाहीत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पक्षाच्या १५ टक्के खासदारांची पत्रं जमली की गुप्त मतदान घ्यावं लागे. जॉन्सन यांच्या वेळी हा आकडा ५४ होता.

६ जून २०२२ ला मतदान झालं. कोव्हिडच्या निर्बंधांत पंतप्रधान निवासातच झालेल्या मेजवान्या आणि त्याबद्दल पोलिसांनी केलेला दंड हे त्यामागचं मोठं कारण. (त्यातल्या एका प्रसंगाबद्दल सुनक यांनाही दंड झाला होता, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं.) जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी तरले. नियमाप्रमाणे पुढे वर्षभर त्यांना धोका नव्हता, पण एका महिन्यात ते गेले. ५ जुलैला अर्थमंत्री सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी राजीनामे दिले, त्यांच्यामागून पन्नासहून जास्त मंत्री आणि सहायक बाहेर पडले, आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. नियम त्यांच्या बाजूने होता, पण मंत्रिमंडळ चालवायला माणसं उरली नव्हती.

४. मग नवा नेता निवडतं कोण?

दोन टप्पे असतात. आधी खासदार फेऱ्यांमागून फेऱ्या मतदान करून नावं दोनवर आणतात. मग पक्षाचे वर्गणीदार सभासद त्या दोघांतून एकाला निवडतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक यांना १३७, ट्रस यांना ११३ आणि पेनी मॉर्डंट यांना १०५ मतं पडली. मॉर्डंट बाद झाल्या. सभासदांनी मात्र क्रम उलटा केला : ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. म्हणजे ज्या नेत्याच्या पाठीशी तीनांतला एकही खासदार धड नव्हता, ती पक्षप्रमुख झाली आणि त्याच दमात पंतप्रधानही. मतदानाचा हक्क असलेले सभासद साधारण १ लाख ७२ हजार होते. देशात नोंदणी झालेले मतदार साडेचार कोटींहून जास्त. विरोधी पक्षाचा नेता निवडायला ही पद्धत चालेल, पण बसलेल्या सरकारचा प्रमुख अशा रीतीने ठरावा हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

५. लिझ ट्रस यांनी ४९ दिवसांत असं केलं तरी काय?

६ सप्टेंबर २०२२ ला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल इथे राणी एलिझाबेथ यांनी त्यांची नेमणूक केली. दोन दिवसांनी राणीचं निधन झालं आणि देश दुखवट्यात गेला. २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ‘मिनी बजेट’ मांडलं. जवळपास ४५ अब्ज पौंडांची करकपात, सर्वांत श्रीमंतांवरचा ४५ टक्क्यांचा कर रद्द, आणि हे सगळं उधारीवर. स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाजही सोबत जोडला नव्हता. बाजाराचा विश्वास उडाला. २६ सप्टेंबरला पौंड १.०३ डॉलरच्या आसपास घसरला. इतका खाली तो कधीच आला नव्हता. सरकारी रोख्यांच्या किमती इतक्या कोसळल्या की निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

हे आकडे घरात कसे शिरले ते सांगते. इथे गृहकर्जाचा व्याजदर बहुतेक वेळा दोन किंवा पाच वर्षांपुरता स्थिर असतो, मुदत संपली की नवा करार करावा लागतो. आमची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती. कर्ज देणाऱ्यांनी त्या आठवड्यात शेकडो योजना एकदम मागे घेतल्या. मला संध्याकाळी जो दर तोंडी सांगितला होता तो सकाळी उरला नव्हता. दोन वर्षांच्या स्थिर दराची सरासरी ऑक्टोबरात ६ टक्क्यांच्या वर गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन आम्ही दोघं बसलो आणि नव्या हप्त्याचा हिशेब केला. दरमहा तीनशे पौंडांहून जास्त वाढ. मुलीचा पोहण्याचा वर्ग त्या वहीत खोडला गेला. असे टेबल त्या हिवाळ्यात घरोघरी होते. व्याजदर जगभर वाढत होते हे खरं, पण लोकांनी ती वाढ ट्रस यांच्या नावावर लिहिली आणि हुजूर पक्ष पैशाचा कारभार नीट करतो हा पिढ्यांचा समज त्या महिन्यात मोडला.

६. सुनक यांना सभासदांनी निवडलंच नाही, हे खरं का?

खरं आहे. ट्रस गेल्यावर १९२२ समितीने (प्रश्न ३) अट घातली की उमेदवाराला १०० खासदारांचा पाठिंबा हवा. जॉन्सन यांनी माघार घेतली, मॉर्डंट यांनी शेवटच्या क्षणी, आणि सुनक एकटे उरले. सभासदांकडे मतपत्रिका गेलीच नाही. तो दिवस २४ ऑक्टोबर २०२२, नेमका लक्ष्मीपूजनाचा. आमच्या घरात पूजेची मांडामांड चालू होती आणि पुण्याहून एकामागून एक फोन येत होते, जणू आमच्याच घरातलं कुणी पंतप्रधान झालं होतं! दुसऱ्या दिवशी राजे चार्ल्स यांनी त्यांची नेमणूक केली. वय ४२, आशियाई वंशाचे पहिले आणि पहिले हिंदू पंतप्रधान. तो आनंद खरा होता. पण पक्षातल्या एका गटाच्या लेखी, सभासदांनी नाकारलेला माणूस वरून लादला गेला होता. हा सल शेवटपर्यंत गेला नाही.

७. सुनक आपल्या वंशाचे, म्हणून गोऱ्यांनी त्यांना पाडलं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. माझं उत्तर : पराभवाचं कारण ते नव्हतं. पक्षाची लोकप्रियता ते येण्याआधीच, ट्रस यांच्या काळात कोसळली होती. स्वतः सुनक उत्तर यॉर्कशरमधल्या रिचमंड अँड नॉर्थॲलर्टन या ग्रामीण, बहुतांशी गोऱ्या मतदारसंघातून १२ हजारांहून जास्त मताधिक्याने निवडून आले. तिथल्या शेतकऱ्यांनी आपला खासदार सोडला नाही.

वंशद्वेष नव्हताच असं मात्र मी म्हणणार नाही. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात हुजूर पक्षाच्याही उजवीकडच्या रिफॉर्म पक्षासाठी प्रचार करणाऱ्या एकाने सुनक यांच्याबद्दल वंशवाचक शिवी वापरली, ती चॅनेल फोरच्या छुप्या चित्रीकरणात आली. आपल्या मुलींना हे ऐकावं लागतं, याचं दुःख होतं आणि राग येतो, असं सुनक जाहीरपणे म्हणाले. ज्याला परक्या देशात मुली वाढवायच्या आहेत त्याला ते वाक्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

८. अक्षता मूर्तींच्या कराचं काय प्रकरण होतं?

अक्षता मूर्ती या सुनक यांच्या पत्नी आणि इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांच्या कन्या. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे जिव्हाळा जास्त. एप्रिल २०२२ मध्ये बाहेर आलं की ब्रिटनमध्ये राहूनही त्या करासाठी ‘नॉन-डॉम’ आहेत, म्हणजे परदेशातल्या उत्पन्नावर तिथे कर देत नाहीत. हे कायदेशीर होतं, पण पती अर्थमंत्री आणि सामान्यांवर करवाढ, हे लोकांना खटकलं. सर्व उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरीन असं त्यांनी जाहीर केलं. सुनक यांच्याबद्दल ‘याला आपल्या बिलांची काय कल्पना’ ही भावना तेव्हापासून चिकटली.

९. निवडणुकीची तारीख पंतप्रधान ठरवतो का? सुनक यांनी सहा महिने आधीच का घेतली?

२०२२ च्या कायद्याने हा अधिकार पुन्हा पंतप्रधानाच्या हाती आला. त्याने राजाला संसद विसर्जित करण्याची विनंती करायची. संसदेची मुदत पाच वर्षं. त्या हिशेबाने मतदान फार तर २८ जानेवारी २०२५ पर्यंत लांबवता आलं असतं.

२२ मे २०२४ ला सकाळी महागाईचा दर २.३ टक्क्यांवर आल्याची बातमी आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ११.१ टक्के होता. सुनक यांनी दिलेल्या पाच वचनांपैकी महागाई निम्म्यावर आणण्याचं हे वचन पुरं झालं होतं. रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या कमी होतील हे वचन मोडलं होतं, आणि छोट्या बोटींनी समुद्र ओलांडून येणारे स्थलांतरितही थांबले नव्हते. पुढे याहून चांगली बातमी हाती लागणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा. संध्याकाळी ते डाउनिंग स्ट्रीटवर दाराबाहेर उभे राहिले, छत्री नाही, आणि धो धो पाऊस. कोटाचे खांदे आधी काळे पडले, मग अख्खा कोट चमकायला लागला. फाटकाबाहेरून कुणीतरी मजूर पक्षाचं १९९७ चं प्रचारगीत मोठ्याने लावलं होतं. ते न थांबता वाचत राहिले. मला त्या दिवशी त्यांची कीव आली नाही, काळजी वाटली : आत पत्रकारांसाठी सभागृह आहे, तिथे बोला, असं सांगणारं जवळचं माणूस या नेत्याकडे उरलं नव्हतं का?

६ जूनला तेच झालं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलं, त्याच्या ८० व्या स्मृतिदिनाचा तिथला कार्यक्रम अर्धवट सोडून ते परतले आणि दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. नव्वदी ओलांडलेले सैनिक तिथे बसले होते. हुजूर पक्षाच्या हक्काच्या मतदाराला याहून जास्त दुखावणारं दुसरं काही नव्हतं.

१०. हरणार हे आधी कळलं होतं का?

कळलं होतं. मतचाचण्यांत मजूर पक्ष वीसच्या आसपास अंकांनी पुढे होता. पोटनिवडणुकांत सेल्बीची २० हजारांहून मोठी आणि मिड बेडफर्डशरची २४ हजारांहून मोठी आघाडी पुसली गेली. मे २०२४ मध्ये वेस्ट मिडलंड्सचे लोकप्रिय महापौर अँडी स्ट्रीट १,५०८ मतांनी पडले. थेरेसा मे, मायकेल गव्ह यांच्यासह हुजूर पक्षाच्या ७५ खासदारांनी पुन्हा उभं राहायचंच नाकारलं.

११. खासदार सरळ दुसऱ्या पक्षात गेले, पक्षांतरबंदी कायदा नाही का?

नाही. हुजूर पक्षातून निवडून आलेल्या दोघांचं बघा. ली अँडरसन मार्च २०२४ मध्ये रिफॉर्ममध्ये गेले, नॅटली एल्फिक मे महिन्यात मजूर पक्षाच्या बाकांवर जाऊन बसल्या. खासदारकी शाबूत.

१२. नेता बदलून सत्ताधारी पक्ष वाचल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि म्हणूनच पक्ष पुन्हा पुन्हा तोच उपाय करतात. नोव्हेंबर १९९० मध्ये मार्गारेट थॅचर गेल्या, जॉन मेजर आले. लोकांचा राग ‘पोल टॅक्स’वर, म्हणजे गरीब-श्रीमंत न बघता माणशी लावलेल्या स्थानिक करावर होता. मेजर यांच्या सरकारने तो कर रद्द करायचं ठरवलं आणि एप्रिल १९९२ मध्ये एक कोटी ४० लाख मतं घेऊन ते जिंकले. २०१९ चं उदाहरण याहून ठळक. मे महिन्यात युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर होता, मतं ९ टक्के; राग ब्रेक्झिट रखडल्याचा. जुलैत थेरेसा मे यांच्या जागी जॉन्सन आले आणि डिसेंबरात ८० चं बहुमत.

उलट बाजूला १९६३-६४ चे ॲलेक डग्लस-ह्यूम थोडक्यात हरले, जेम्स कॅलहन १९७९ मध्ये आणि गॉर्डन ब्राऊन २०१० मध्ये हरले. मेजर यांचीच पुढची कथा बघा. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपीय विनिमय व्यवस्थेतून बाहेर पडला. जून १९९५ मध्ये त्यांनी ‘समोर या’ म्हणत पक्षप्रमुखपद सोडलं आणि जॉन रेडवूड यांना २१८ विरुद्ध ८९ मतांनी हरवून परत मिळवलं. तरी मे १९९७ मध्ये पक्ष १६५ जागांवर आला.

माझ्या वाचनातून निघणारा धागा असा : राग एका गोष्टीवर असेल आणि नवा नेता ती गोष्ट सोडू शकत असेल, तर बदल उपयोगी पडतो. पोल टॅक्स रद्द करता आला, ब्रेक्झिटची कोंडी फोडता आली. गृहकर्जाचा वाढलेला हप्ता सुनक यांना परत करता आला नाही.

१३. मजूर पक्षाला ३३.७ टक्केच मतं, मग ४११ जागा कशा?

पद्धत आपल्यासारखीच, सर्वांत जास्त मतं त्याची जागा. हुजूर पक्षाला २३.७ टक्के मतं आणि १२१ जागा, पक्षाच्या इतिहासातला नीचांक. ३ जूनला रिफॉर्मचे नायजेल फराज यांनी स्वतः उभं राहायचं जाहीर केलं आणि उजवीकडची मतं फुटली. रिफॉर्मला १४.३ टक्के मतं पण जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्क्यांत ७२, कारण त्यांची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटली होती. ट्रस आपल्याच मतदारसंघात ६३० मतांनी पडल्या. या सगळ्या पडझडीत हुजूर पक्षाने विरोधकांकडून एकच जागा खेचली, ती लेस्टर ईस्ट. तिथे शिवानी राजा जिंकल्या. त्याच मतदारसंघात पूर्वी मजूर पक्षाचे खासदार असलेले, गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ वेगळे लढले होते.

१४. माझा पासपोर्ट भारतीय आहे, मी ब्रिटनमध्ये शिकते. मला मत देता येतं?

येतं, आणि हे ऐकून दरवेळी लोक चकित होतात. राष्ट्रकुल देशांचे नागरिक वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहत असतील तर संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतात. नोंदणी मात्र स्वतः करावी लागते. २०२४ च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर छायाचित्र असलेलं ओळखपत्र लागलं. भारतीय पासपोर्ट चालला. आधार कार्ड आणि भारतातला वाहन परवाना चालला नाही.

आमचं केंद्र चर्चच्या सभागृहात असतं. अधिकारी यादीत नाव शोधतात, पट्टी ठेवून त्यावर पेन्सिलीने रेघ मारतात. मतपत्रिकेवर फुली मारायची, दोरीने बांधलेली पेन्सिल असते. यंत्र नाही, बोटाला शाई नाही.

१५. भावाने गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय, तो स्विंडनला असतो. त्यालाही तसंच?

नाही, इथे उलटं होतं. पोर्तुगीज नागरिक स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो, संसदेच्या नाही. भारतीय नागरिकत्व सोडल्यामुळे राष्ट्रकुलाचा हक्कही गेला. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावरच हे मत मिळतं. एकाच घरात भारतीय पासपोर्टवाली बायको मत देते आणि नवरा दाराबाहेर थांबतो, अशी कुटुंबं इथे आहेत.

१६. हरल्यावर पंतप्रधान किती दिवस खुर्चीत राहतो?

स्पष्ट निकाल असेल तर काही तास. ५ जुलैला सुनक यांनी दारासमोर देशाची माफी मागितली, मागे अक्षता छत्री घेऊन उभ्या होत्या. दुपारपर्यंत मजूर पक्षाचे कीर स्टार्मर आत होते. त्रिशंकू निकालात मात्र पर्याय ठरेपर्यंत जुनाच पंतप्रधान काम बघतो. २०१० मध्ये ब्राऊन पाच दिवस थांबले होते.

१७. मजूर पक्षातही अशी गुप्त पत्रं चालतात का?

नाही. तिथे २० टक्के खासदारांनी एकाच आव्हानवीराचं नाव उघडपणे सुचवावं लागतं. बसलेल्या नेत्याचं नाव मतपत्रिकेवर आपोआप येतं (हुजूर पक्षाच्या पद्धतीसाठी प्रश्न ३ आणि ४ पाहा). बंड करणाऱ्याने आधी स्वतःचं नाव पुढे करायचं, त्यामुळे बंडं उभी राहण्याआधीच बसतात. ४ जून २००९ ला रात्री दहा वाजता, युरोपीय आणि स्थानिक निवडणुकांचं मतदान संपता संपता, मंत्री जेम्स परनेल यांनी तेव्हाचे पंतप्रधान ब्राऊन यांना पायउतार व्हा असं लिहून राजीनामा दिला. त्यांच्यामागून परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड उठतील अशी लोकांची अपेक्षा होती. मिलिबँड मंत्रिमंडळातच राहिले, आणि अकरा महिन्यांनी पक्ष ब्राऊन यांच्याच नेतृत्वाखाली मतदारांसमोर गेला.